माजी सैनिकांसाठी सार्वजनिक दफनभूमी: उभारणीपासून निगेपर्यंतचा क्रम

माजी सैनिकांसाठी दफनभूमी उभारायची ठरली की बहुतेक समित्या प्रवेशद्वारापासून सुरुवात करतात. कमान कशी असावी, ध्वजस्तंभ किती उंच असावा, स्मारकावर कोणते शब्द कोरावेत, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. जमिनीखालचे पाणी किती खोल आहे, हे मात्र पहिली कबर खोदली जाते त्या दिवशी कळते. इतर बांधकामातील चूक पाडून दुरुस्त करता येते. येथे एकदा दफन झाले की चुकीची दुरुस्ती म्हणजे एखाद्या कुटुंबाला पुन्हा त्या खड्ड्याच्या काठावर उभे करणे. म्हणूनच या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. शिळेवर ज्याचे नाव आहे तोच तिच्याखाली आहे आणि पन्नास वर्षांनंतरही तोच असेल, याची खात्री देता येणे ही या जागेची पहिली जबाबदारी आहे. पुढील सर्व टप्पे तीच जबाबदारी समोर ठेवून लावले आहेत.

टप्पा १: जमीन पाहण्यापूर्वीचे निर्णय

सर्वप्रथम पात्रतेचे नियम लिहून काढावेत. ‘माजी सैनिक’ हा शब्द बोलताना सोपा वाटतो, पण नियमात तो पाच-सहा प्रश्नांना उत्तर देणारा हवा: किती काळाची सेवा लागेल, सेवामुक्ती कोणत्या स्वरूपाची असावी, राखीव दलातील सेवा धरायची का, सेवेत असताना मृत्यू आलेल्यांचे काय, शिस्तभंगाच्या कारवाईने काढून टाकलेल्यांचे काय, आणि सेवेनंतर अत्यंत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचे काय. अमेरिकेत या शेवटच्या प्रश्नासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. हा वाद पार्थिव दाराशी आल्यावर, शोकात असलेल्या माणसांसमोर सोडवण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

दुसरा निर्णय जोडीदाराचा आहे. पती किंवा पत्नीला त्याच कबरीत जागा द्यायची असेल, तर पहिले दफन अधिक खोल करावे लागते, म्हणजे दुसरी शवपेटी वर बसते. हे नंतर सुचले तर उपयोग नाही, कारण उथळ कबर पुन्हा खोल करता येत नाही. शिळेची मागची बाजू दुसऱ्या नावासाठी कोरी ठेवायची की नाही, हेही याच निर्णयावर अवलंबून असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमींत जोडीदाराचे नाव सामान्यतः शिळेच्या पाठीवर कोरतात.

जागा आगाऊ राखून देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राखीव जागा ओळींमध्ये रिकाम्या राहतात, नोंदींमध्ये ‘भरलेली’ आणि ‘राखलेली’ यांची सरमिसळ होते आणि दहा वर्षांनी कोणती जागा कोणाला कबूल केली होती हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला असतो. त्यापेक्षा अमेरिकेत जे करतात ते चांगले: माजी सैनिकाने हयातीतच कागदपत्रे दिली तर त्याची पात्रता तपासून लेखी कळवली जाते, जागा मात्र मृत्यूनंतरच नेमून दिली जाते. घरच्यांची धावपळ वाचते आणि नकाशाही स्वच्छ राहतो.

तिसरा निर्णय पैशाचा. उभारणीचा निधी आणि निगेचा निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. अमेरिकेत राज्यांच्या दफनभूमींसाठी १९७८ पासून केंद्रीय अनुदान योजना आहे. पात्र बांधकामाचा पूर्ण खर्च तीतून मिळू शकतो, परंतु जमीन राज्याने द्यायची असते आणि दैनंदिन कारभाराचा भार राज्यानेच उचलायचा असतो. पुढे ती जागा माजी सैनिकांची दफनभूमी म्हणून चालवणे राज्याने सोडले, तर अनुदान परत मागण्याचा अधिकार केंद्राकडे राहतो. या अटींमागचा विचार कोणत्याही समितीने उचलावा असा आहे. बांधकामासाठी देणगीदार सहज मिळतात. तिसाव्या वर्षी गवत कापण्यासाठी कोणी देणगी देत नाही. म्हणून मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज खर्च करता येईल असा कायम निधी, किंवा दरवर्षीच्या अंदाजपत्रकात बांधील तरतूद, यांपैकी एक तरी पहिल्या दफनापूर्वी कागदावर असावी.

जागेचा हक्क कायमचा आहे, हेही कायदेशीर शब्दांत लिहून घ्यावे. जर्मनीत सर्वसाधारण कबरीचा हक्क ठरावीक वर्षांनी संपतो, पण युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या कबरींना कायद्यानेच कायमचा विश्रांतीचा हक्क दिलेला आहे. आपल्या दफनभूमीला यांपैकी कोणता नियम लागू आहे, हे कुटुंबांना गृहीत धरायला लावू नये.

*तपासणी: पात्रतेचे नियम, जोडीदाराचा नियम, निगेचा निधी आणि हक्काची मुदत हे चार कागद सही होऊन हातात आल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे वळू नये.*

टप्पा २: जमिनीची परीक्षा

दान मिळालेली जमीन ही दफनभूमीसाठी योग्य जमीन असतेच असे नाही. बऱ्याचदा ती शेतीला किंवा घरांना निरुपयोगी ठरलेली असते, आणि तिला निरुपयोगी करणारी गोष्ट बहुधा पाणीच असते.

जमीन नावावर होण्यापूर्वी ठिकठिकाणी परीक्षाखड्डे घ्यावेत. सर्वात खोल कबर जितकी असेल त्याहून किमान एक मीटर खाली जावे, खड्ड्यात छिद्रे पाडलेली उभी नळी बसवून तो बुजवावा आणि नळीतील पाण्याची पातळी वर्षभर मोजत राहावे. वर्षभर म्हणजे खरोखरच बारा महिने. कोरड्या ऋतूतील एकाच मोजणीवर निर्णय घेणे ही जमिनीच्या निवडीतील सर्वात महागडी चूक आहे.

अंतरांसाठी इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचे मापदंड समोर ठेवण्यास हरकत नाही: पिण्याच्या पाण्याची विहीर, झरा किंवा कूपनलिका यांपासून २५० मीटर, इतर झरे व प्रवाह यांपासून ३० मीटर, शेतातील जमिनीखालच्या निचऱ्याच्या नाळ्यांपासून १० मीटर, आणि कबरीच्या तळाखाली किमान एक मीटर माती. खोदलेल्या कबरीत पाणी उभे राहता कामा नये. स्थानिक कायदा याहून कडक असेल तर अर्थातच तो पाळावा.

मातीचा पोत हातात घेऊन पाहावा. चिकणमाती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते आणि तिच्यातील शिळा दरवर्षी थोड्याथोड्या कलत जातात. निव्वळ वाळूत कबरीच्या भिंती ढासळतात आणि पाणी न गाळता खाली जाते. कठीण खडक उथळ असेल तर प्रत्येक कबरीमागे यंत्राचा खर्च वाढतो. मधल्या पोताची, पाणी हळूहळू जिरवणारी जमीन उत्तम. उतार साधारण २ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावा. त्याहून सपाट जमिनीवर पाणी साचते, आणि त्याहून तीव्र उतारावर खोदाईचे यंत्र, शवपेटी वाहणारी माणसे आणि काठी टेकत येणारे वृद्ध, सर्वांचीच पंचाईत होते.

जागा किती लागेल, याचा हिशेब करताना लोक एकराला कबरीच्या मापाने भागतात आणि फसतात. ५ फूट रुंद व १० फूट लांब अशी पारंपरिक कबर धरली तर ४३,५६० चौरस फुटांच्या एकरात कागदावर ८७१ कबरी बसतात. रस्ते, पाऊलवाटा, गटारे, झाडांच्या मुळांभोवतीची मोकळी जागा, सीमेलगतचा पट्टा आणि मातीचा ढीग ठेवण्याची जागा वजा केल्यावर जे उरते तेच खरे. त्यात पुढील वीस-तीस वर्षांची संभाव्य संख्या बसते का, हे पाहावे.

टप्पा ३: आराखडा आणि आखणी

येथे घाई अजिबात करू नये. आखणीत प्रत्येक कबरीमागे होणारी अर्ध्या फुटाची चूक दहाव्या कबरीपर्यंत एका पूर्ण कबरीएवढी होते.

१. प्रथम भूमापकाकडून कायमचे संदर्भबिंदू बसवून घ्यावेत. जमिनीत खोल रोवलेले काँक्रीटचे खांब, वर धातूची चकती, आणि माथा जमिनीच्या पातळीला, म्हणजे गवत कापणाऱ्या यंत्राचा धक्का लागणार नाही. लाकडी खुंट्या आणि झाडे हे संदर्भ नव्हेत. खुंटी कुजते आणि झाड पडते.

२. मग संपूर्ण जमीन विभाग, ओळ आणि जागा अशा क्रमाने विभागावी. प्रत्येक जागेला नकाशावरच क्रमांक द्यावा, दफन झाल्यावर नव्हे. दफनाच्या क्रमाने क्रमांक दिले की शेजारशेजारच्या कबरींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि मधली जागा रिकामी आहे की विसरली गेली आहे, हे कळायला मार्ग उरत नाही. खडक किंवा मूळ लागल्याने एखादी जागा वापरता आली नाही, तर तिचा क्रमांक ‘निरुपयोगी’ अशा शेऱ्यासह कायम राहू द्यावा. तो पुढच्या जागेला देऊ नये.

३. शिळेच्या कोणत्या बाजूला पार्थिव आहे, हे प्रत्येक विभागाच्या नकाशावर बाण काढून दाखवावे. अक्षरे ज्या बाजूला आहेत त्या बाजूला कबर, की पाठीमागे? पाठीला पाठ लावून दोन ओळी असतील तर हा प्रश्न फार धोक्याचा ठरतो. तीस वर्षांनी जोडीदाराच्या दफनासाठी खोदणारा कामगार त्या बाणावरच विसंबून असणार आहे.

४. पाण्याच्या नळ्या, विजेच्या तारा आणि निचऱ्याचे पाट रस्त्याच्या कडेने न्यावेत. कबरींच्या ओळींखालून गेलेली नळी कधी ना कधी फुटते.

जमीन कमी असेल तर काँक्रीटच्या पूर्वनियोजित पेट्यांचा विचार करावा. संपूर्ण विभाग एकदाच खोदून, तळाशी खडीचा निचऱ्याचा थर देऊन, दोन शवपेट्या एकावर एक बसतील अशा पेट्या शेजारी शेजारी बसवतात आणि वर माती टाकून गवत लावतात. एका जागेचे माप साधारण ३ बाय ८ फुटांवर येते, दफनाच्या दिवशी केवळ वरची माती काढून झाकण उघडावे लागते आणि जमीन नंतर खचत नाही. सुरुवातीचा खर्च मात्र मोठा असतो. अस्थिकलशांसाठी लहान मापाचा स्वतंत्र विभाग आणि कोनाड्यांची भिंत पहिल्या आराखड्यातच असावी, कारण दहनानंतर अस्थी आणणाऱ्या कुटुंबांची संख्या समित्या हमखास कमी धरतात.

अंतिम विधीसाठी कबरीजवळ गर्दी न करता एक छत असलेला मंडप रस्त्यालगत बांधावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमींत विधी अशाच मंडपात होतो आणि प्रत्यक्ष दफन नंतर कर्मचारी करतात. उघड्या खड्ड्यांच्या आणि यंत्रांच्या शेजारी वृद्ध माणसे उभी करण्याचा धोका त्यामुळे टळतो.

*सावधगिरी: मंडपातून कबरीकडे जाताना पार्थिव काही काळ कुटुंबाच्या नजरेआड असते. त्यामुळे ओळख पटवण्याची संपूर्ण जबाबदारी कर्मचाऱ्यांवर येते. ती कशी पार पाडायची, ते पुढील दोन टप्प्यांत येते.*

टप्पा ४: नोंदींची पद्धत

नोंदवही पहिल्या कबरीपूर्वी तयार हवी. तीन प्रकारच्या नोंदी लागतात: जागेच्या क्रमांकानुसार वही, आडनावानुसार सूची आणि नकाशा. या तिन्ही स्वतंत्रपणे भराव्यात आणि महिन्यातून एकदा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. एकीवरून दुसरी नकलून घेतली तर चूक तिन्हींत सारखीच उतरते आणि ताडून पाहण्याला अर्थ उरत नाही.

संगणकावर नोंद ठेवावीच, परंतु त्याची प्रत दुसऱ्या इमारतीत असावी आणि वर्षाअखेरीस कागदी प्रत बांधून घ्यावी. नावाचे लेखन सेवापुस्तकात आहे तसेच घ्यावे. घरी वेगळे नाव प्रचलित असेल तर तेही सूचीत द्यावे, म्हणजे नातवंडांना शोधताना अडचण येत नाही. खाडाखोड करू नये. चूक दुरुस्त करताना जुनी नोंद एका रेघेने छेदून, नवी नोंद, तारीख आणि सही करावी. चुकीचा इतिहास दिसत राहणे हीसुद्धा पुढच्या माणसासाठी माहितीच आहे.

हे किती गंभीर आहे, याचे उदाहरण आर्लिंग्टनचे आहे. २०१० मध्ये अमेरिकी लष्कराच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत त्या राष्ट्रीय दफनभूमीत नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांच्यातील २११ विसंगती आढळल्या. तेथील कारभार प्रामुख्याने कागदी नोंदपत्रांवर चालत होता. त्यानंतर सुमारे २ लाख ६० हजार शिळा आणि कोनाड्यांची छायाचित्रे घेऊन प्रत्येकाची नोंद पुन्हा पडताळावी लागली. जे काम दररोज पंधरा मिनिटांत होते, ते साचले की काय होते ते यावरून दिसते.

*तपासणी: एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या हाती केवळ नाव देऊन पाहावे. कोणालाही न विचारता तिला ती जागा सापडली तर पद्धत चालते. नाही सापडली तर कबरींची संख्या वाढण्यापूर्वीच ती बदलावी.*

टप्पा ५: दफनाचा दिवस

हा क्रम छापून कार्यालयात, गाडीत आणि खोदाईच्या यंत्रावर, तिन्ही ठिकाणी लावावा.

१. आदल्या दिवशी पात्रतेची कागदपत्रे तपासून जागा नेमून द्यावी. क्रमांक तोंडी सांगू नये. लेखी चिठ्ठी द्यावी.

२. खोदणाऱ्याने जागा संदर्भबिंदूपासून मोजून काढावी. ‘मागच्या कबरीच्या शेजारची’ अशी शोधू नये. दुसऱ्या कर्मचाऱ्याने स्वतंत्रपणे मोजून चिठ्ठीवर सही करावी. दोघांची मापे जुळेपर्यंत फावडे लागता कामा नये.

३. शेजारच्या कबरींवर प्लायवूडच्या फळ्या टाकूनच यंत्र आणावे. चाकांच्या वजनाने ओल्या जमिनीत शिळा कलतात.

४. खड्ड्यात माणूस उतरणार असेल तर भिंतींना टेकू हवाच. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत पाच फुटांपासून तो सक्तीचा आहे. मातीची भिंत कोसळायला क्षण पुरतो, आणि छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही.

५. पार्थिव आल्यावर शवपेटीवरील किंवा कलशावरील ओळखपट्टी कागदपत्रांशी ताडावी. मंडपातून निघताना पुन्हा ताडावी. कबरीच्या काठावर तिसऱ्यांदा.

या तिसऱ्या वेळेचा कंटाळा करणारे कर्मचारी मी पाहिले आहेत, आणि त्यांचा दोषही नसतो. दिवसातला पाचवा विधी असतो, ऊन किंवा पाऊस असतो, मागे गाडी थांबलेली असते. म्हणून ही कृती बोलून करावी. एकाने पट्टीवरचे नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने चिठ्ठीवरचे वाचायचे, आणि दोन्ही सारखे ऐकू आल्यावरच दोऱ्या सैल करायच्या. मनात वाचलेले नाव डोळा हवे तसे वाचतो. मोठ्याने वाचलेले नाव समोरचा ऐकत असतो.

६. माती सहा ते आठ इंचांच्या थरांनी टाकून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. एकदम ढकललेली माती पहिल्या मोठ्या पावसात खचते. वर थोडा उंचवटा ठेवावा.

७. त्याच दिवशी, जागा सोडण्यापूर्वी, तात्पुरती खूण रोवावी: नाव, तारीख, विभाग आणि क्रमांक. छायाचित्र घ्यावे, त्यात शेजारच्या दोन्ही शिळा दिसाव्यात. संध्याकाळपर्यंत तिन्ही नोंदी भराव्यात.

*सावधगिरी: ‘उद्या भरतो’ म्हणून ठेवलेली नोंद हीच बहुतेक हरवलेल्या कबरींची सुरुवात असते.*

टप्पा ६: शिळा

सर्व शिळा एकाच मापाच्या आणि एकाच दगडाच्या असाव्यात. पद, धर्म किंवा ऐपत यांवरून फरक करू नये. ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या, १९१७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचे हेच तत्त्व आहे आणि त्याच्या दफनभूमींत सेनाधिकारी व शिपाई एकाच ओळीत, एकाच आकाराच्या दगडाखाली आहेत. समानता हवीच, आणि त्यात व्यवहारही आहे: एका मापाची शिळा तुटली की बदलता येते, ओळ सरळ राखता येते आणि गवत कापता येते.

मजकुराचा मसुदा कुटुंबाकडून लेखी मंजूर करून घ्यावा. नाव, पद, दल, जन्म व मृत्यूची वर्षे, धर्मचिन्ह हवे असल्यास ते, आणि एक लहान वैयक्तिक ओळ. ओळीला अक्षरमर्यादा आधीच सांगावी. राष्ट्रकुल आयोगाने कुटुंबांना ६६ अक्षरांची मर्यादा दिली होती. मसुदा वाचून दाखवण्यापेक्षा छापून द्यावा, कारण नावातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक कानाला कळत नाही.

अमेरिकेची उभी संगमरवरी शिळा ४२ इंच लांब, १३ इंच रुंद आणि ४ इंच जाड असते आणि वजन सुमारे २३० पौंड, म्हणजे शंभर किलोहून जास्त भरते. जमिनीवर २४ ते २६ इंच दिसतात. उरलेला भाग जमिनीत राहतो आणि शिळेला उभी धरतो. शिळा बसवताना ओळीच्या दोन्ही टोकांच्या संदर्भबिंदूंना लाइनदोरी ताणावी, उंची पाणसळीने पाहावी आणि पुढून व बाजूने ओळंबा धरावा. शेजारच्या शिळेवरून माप घेऊ नये. शेजारची अर्धा इंच चुकलेली असेल तर ती चूक संपूर्ण ओळ पुढे नेते.

भुसभुशीत जमिनीत राष्ट्रकुल आयोगाची पद्धत उपयोगी पडते: ओळीच्या लांबीएवढी काँक्रीटची तुळई जमिनीखाली घालून तिच्या खाचांत शिळा उभ्या करतात, म्हणजे एकेकटी शिळा कलत नाही.

कायमची शिळा किती दिवसांत बसेल, हे कुटुंबाला कळवावे आणि पाळावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमींनी स्वतःसाठी ६० दिवसांचे मानक ठेवले आहे.

*तपासणी: शिळा रोवण्यापूर्वी तीवरील नाव, तात्पुरत्या खुणेवरील नाव आणि नोंदवहीतील नाव, तिन्ही एकत्र वाचावीत. तात्पुरती खूण त्यानंतरच काढावी.*

टप्पा ७: रोजची निगा

नव्या कबरी पहिले वर्षभर खचतात. पावसानंतर प्रत्येक नवी ओळ चालून पाहावी, खोलगट जागी माती भरावी आणि पुन्हा गवत लावावे. कुटुंबाला खचलेली कबर दिसण्यापूर्वी ती कर्मचाऱ्याला दिसली पाहिजे.

गवत कापताना शिळांचे सर्वाधिक नुकसान होते, ते यंत्राच्या पात्याने आणि फिरत्या नायलॉनच्या दोऱ्याने. संगमरवर मऊ असतो. वर्षानुवर्षे दोरा लागून शिळेच्या बुडाशी खाच पडते आणि ती भरून येत नाही. यंत्र शिळेपासून हातभर दूर ठेवावे आणि उरलेले गवत हाताने काढावे. राष्ट्रकुल आयोग शिळांच्या ओळीलगत बुटक्या फुलझाडांचा अरुंद वाफा ठेवतो. त्यामुळे यंत्र जवळ जात नाही आणि पावसाचा मारा मातीवर पडून शिळेवर चिखलाचे शिंतोडे उडत नाहीत.

शिळा स्वच्छ करण्याबाबत चुकीचे सल्ले इतके प्रचलित आहेत की हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ब्लीच वापरू नये. त्याने दगड त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, पण मागे राहणारे क्षार दगडाच्या छिद्रांत सुकून स्फटिक होतात आणि पृष्ठभाग आतून फोडतात. आम्ल तर मुळीच नको. संगमरवर आणि चुनखडक त्यात विरघळतात. तारेचा ब्रश, वाळूचा मारा आणि जोरदार फवाऱ्याचे यंत्र यांनी कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात.

योग्य पद्धत संथ आहे. प्रथम बोटाने हलकेच दाबून पाहावे. दगड साखरेसारखा सुटत असेल तर तेथेच थांबावे आणि संवर्धन तज्ज्ञाला बोलवावे. दगड भक्कम असेल तर त्याला स्वच्छ पाण्याने पूर्ण भिजू द्यावे. कोरडा दगड पहिले पाणी पिऊन टाकतो, म्हणून पाणी पृष्ठभागावरून ओघळू लागेपर्यंत ओतत राहावे. मग मऊ नायलॉनच्या ब्रशने बुडापासून वर, लहान गोल फेऱ्यांनी घासावे. वरून सुरुवात केली तर घाण पाणी खालच्या न घासलेल्या दगडावर ओघळून पट्टे पडतात. हिरवे-काळे पाणी उतरू लागते, अक्षरांच्या खाचांतील शेवाळ लाकडी काडीने हळूच निघते. दगडफुले चिकटून बसली असतील तर ती खरवडू नयेत. त्यांचे मुळांसारखे तंतू दगडात शिरलेले असतात आणि ओढल्यास कण घेऊनच निघतात. अशा वेळी जैविक वाढ मारणारे सौम्य द्रावण वापरावे. अमेरिकेत राष्ट्रीय दफनभूमींच्या संगमरवरी शिळांवर निरनिराळी द्रव्ये तपासून पाहिली गेली, त्यांत ‘डी-२’ या द्रावणाचा अनुभव चांगला आला. ते लावून काही मिनिटे ठेवावे, घासावे, भरपूर पाण्याने धुवावे. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी पुन्हा घासायला घेऊ नये.

उत्साही स्वयंसेवकांना ब्रश देण्यापूर्वी हे सर्व एका शिळेवर करून दाखवावे. दरवर्षी सगळ्या शिळा घासणेही योग्य नाही. प्रत्येक स्वच्छतेत दगड थोडासा झिजतो. ज्या शिळेवरचे नाव वाचता येत नाही, ती प्रथम घ्यावी.

टप्पा ८: ओळी सरळ करणे आणि वार्षिक मोजदाद

वीस-पंचवीस वर्षांनी शिळा खचतात, कलतात, आणि संपूर्ण विभाग उचलून पुन्हा बसवण्याची वेळ येते. हे काम बहुधा कंत्राटदाराला दिले जाते, आणि व्यवस्थित चाललेल्या दफनभूमीतही नावे आणि कबरी यांची ताटातूट होऊ शकते ती याच वेळी.

टेक्सासमधील फोर्ट सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय दफनभूमीत २०११ मध्ये ४७ शिळा एकेका कबरीने सरकलेल्या आढळल्या. शिळा उचलून सरळ करण्याच्या आधीच्या कामात हे घडले होते. यात कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. ओळीच्या टोकाला एक रिकामी किंवा शिळा नसलेली जागा असते, कामगार पहिली शिळा तेथून लावायला घेतो, आणि मग प्रत्येक नाव शेजारच्याच्या डोक्यावर जाते. ओळ पाहणाऱ्याला ती अगदी सरळ आणि सुंदर दिसते.

म्हणून कंत्राटातच पुढील अटी लिहाव्यात. शिळा तिच्या कबरीवरून हलवायची नाही. काढली तर त्याच कबरीवर आडवी ठेवायची. ढीग करायचा नाही, गाडीत भरायची नाही. एका वेळी एकच ओळ घ्यायची आणि ती पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीला हात लावायचा नाही. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शिळेचे शेजाऱ्यांसह छायाचित्र, आणि संपल्यावर त्याच जागेवरून दुसरे. ओळ पूर्ण झाली की दफनभूमीच्या कर्मचाऱ्याने, कंत्राटदाराच्या माणसाने नव्हे, नकाशा हातात घेऊन पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत चालत जाऊन प्रत्येक नाव वाचावे. रिकाम्या जागांवरही थांबावे आणि त्या रिकाम्या असल्याचे वहीत लिहावे.

अशी मोजदाद काम नसतानाही वर्षातून एकदा करावी. संपूर्ण दफनभूमी एका वर्षात होत नसेल तर विभाग वाटून घ्यावेत, परंतु कोणताही विभाग पाच वर्षांहून अधिक काळ न तपासलेला राहू नये. मोजदाद करणारी जोडी दरवेळी बदलावी. रोज तीच ओळ पाहणाऱ्याला तीतील चूक दिसेनाशी होते.

विसंगती सापडली तर पुढील क्रम पाळावा. त्या जागेभोवती तात्काळ दोरी लावावी आणि त्या विभागातील सर्व खोदाई थांबवावी. शिळा हलवू नये, वहीतील नोंदही बदलू नये. जुने नकाशे, दफनाच्या दिवसाच्या चिठ्ठ्या आणि छायाचित्रे एकत्र काढून चूक वहीत आहे, शिळेत आहे की कबरीत आहे, हे प्रथम ठरवावे. अनेकदा ती केवळ वहीतच निघते. दफनातच चूक झाल्याची शक्यता दिसली, तर वरिष्ठांना कळवल्यावर त्याच दिवशी संबंधित सर्व कुटुंबांशी प्रत्यक्ष बोलावे. त्यांना ही बातमी दुसरीकडून कळता कामा नये. उत्खनन करावे लागल्यास निकटच्या नातेवाइकांची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश आधी घ्यावा, कुटुंबाला उपस्थित राहायचे आहे का ते विचारावे, आणि ओळखपट्टी पुन्हा तीन वेळा, मोठ्याने वाचावी.